बिनहुकमी पावले

उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात आजही जुनी माणसे पत्ता सांगताना बराकीचा आकडा सांगतात. ती बराक कधीच जमीनदोस्त होऊन तिच्या जागी चार मजल्यांची इमारत उभी राहिलेली असली आणि तळमजल्यावर कापडाचे दुकान थाटलेले असले, तरी लष्करी दफ्तरातला तो आकडा टपालाच्या पाकिटावर जसाच्या तसा टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीकच्या या माळावर सरकारने जी छावणी वसविली होती, तिच्या दोन हजारांहून अधिक बराकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या वाट्याला आल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या नदीचे नाव तिला मिळाले. सरकारी कागदांत या लोकांची नोंद 'निर्वासित' अशी होत असे. तो शब्द त्या पिढीला बोचे. आपल्याला 'पुरुषार्थी' म्हणावे, असा तिचा आग्रह होता, आणि एका खोलीला गोणपाटाचा पडदा लावून तिची दोन घरे करणाऱ्या माणसांच्या तोंडी तो शब्द फार मोठा वाटत नसे.

गुढीपाडव्याच्या मागोमाग सिंध्यांचा नववर्षाचा सण, चेटीचंड, येतो. आमच्या गुढीचा कडुनिंब पुरता सुकलेला नसतो, तोच रस्त्याच्या टोकाकडून ढोल आणि सनई ऐकू येऊ लागते, आणि बहराणा साहेबाची मिरवणूक, म्हणजे कणकेच्या दिव्यात पेटलेली ज्योत, कलश, नारळ, खडीसाखर आणि फळे मांडलेले ते ताट मस्तकी घेऊन निघालेली माणसे, गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. तिथे छेज सुरू होते. हा सिंधी पुरुषांचा टिपऱ्यांचा फेर आहे. ढोलवाला मध्ये उभा, भोवताली वर्तुळ, पहिल्या ठेक्याला आपली टिपरी आपल्याच टिपरीवर, दुसऱ्याला अंग वळवून उजवीकडच्याच्या टिपरीवर, मग डावीकडच्याच्या, आणि लय विलंबितातून हळूहळू अशी चढत जाते, की पाहणाऱ्याला कोणती टिपरी कोणाची हे सांगता येऊ नये. मी गेली कित्येक वर्षे माझ्या ओट्यावरून हा फेर पाहत आलो आहे, आणि दरवर्षी एकच प्रश्न मनात उठतो: ज्या समाजाचा देश गेला, नदी गेली, ज्याच्या लिपीचेही भांडण झाले, त्याने पहिल्यांदा काय परत मिळविले असेल, तर ते हे नाचणे, मग या नाचण्याला नुसता उत्सव म्हणावे, की त्यात काही निषेध आहे? आणि निषेध असेल तर तो कोणाचा, कोणापाशी नोंदविलेला?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात, तांडवाचा विषय जिथे येतो त्या चौथ्या अध्यायात, ऋषींनी जवळजवळ हाच आक्षेप घेतला आहे. अभिनय कशासाठी हे कळते, कारण तो अर्थ पोहोचवितो. परंतु नृत्त तर गीताच्या अर्थाशी बांधलेले नाही, त्यातून कोणताही भाव सांगितला जात नाही, मग ते निर्माण केलेच कशासाठी, असे त्यांचे म्हणणे. उत्तर मोठे निःसंकोच आहे: नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नाही, ते शोभा उत्पन्न करते, लोकांना ते स्वभावतःच प्रिय असते, आणि विवाह, पुत्रजन्म, अभ्युदय अशा प्रसंगी मंगल म्हणून त्याची योजना होते. भाष्यकारांनी या जागी पुष्कळ घोळ घातला आहे, त्यात मी शिरत नाही. माझी अडचण साधी आहे. ज्याला अर्थच नाही, ते निषेध कसे करणार? निषेध म्हटला की त्याला विषय हवा, वादी-प्रतिवादी हवेत, मागणी हवी, निदान एक फिर्याद तरी हवी.

परंतु फिर्यादीचे स्वरूप नीट पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. कचेरीत दिलेला कोणताही अर्ज, मग तो कितीही जळजळीत भाषेत लिहिलेला असो, आपल्या पहिल्याच ओळीत समोरच्याचा अधिकार मान्य करून बसतो. 'मंजूर' किंवा 'नामंजूर' हे दोन शब्द लिहिण्याची मुखत्यारी त्याच्या हाती आहे, हे अर्जदाराने कागद पुढे सरकवितानाच कबूल केलेले असते. नाचणारा काहीच मागत नाही. त्याच्या पावलांना उत्तर देता येत नाही, कारण त्यांनी प्रश्न विचारलेला नाही; त्यांचे खंडन करता येत नाही, कारण त्यांनी प्रमेय मांडलेले नाही. त्यांना थांबविता मात्र येते, आणि थांबविण्याखेरीज त्यांचे दुसरे काहीच करता येत नाही. नृत्ताची अर्थशून्यता म्हणून ऋषींना जे न्यून वाटले, तेच सत्तेच्या दृष्टीने त्याचे सर्वांत गैरसोयीचे लक्षण आहे, असे मला वाटू लागले आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी नवद्वीपच्या काझीवर हाच प्रसंग आला होता. चैतन्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे, की नगरातील संकीर्तनाविरुद्ध काझीकडे तक्रारी गेल्या, त्याने एका घरी मृदंग फोडला आणि कीर्तनबंदीचा हुकूम काढला. त्यावर चैतन्यांनी ना अर्ज केला ना वाद घातला, तर संध्याकाळी मशाली पेटवून सारे नगर नाचत नाचत काझीच्या दारात आणून उभे केले. कायदेभंगाचा इतिहास लिहिणारे दांडीपासून सुरुवात करतात. त्यांनी चारशे वर्षे मागे जाऊन त्या मशालींकडेही एकदा पाहावे.

आता छेजकडे वळतो. ज्या झुलेलालाच्या नावाने ती नाचली जाते, त्याची कथाच मुळी एका फर्मानाची कथा आहे. ठट्ट्याचा मिरखशाह प्रजेला धर्मांतराचा हुकूम देतो. प्रजा मुदत मागून घेते आणि सिंधूच्या काठी चाळीस दिवस उपवास करून बसते. मग नदीतूनच आश्वासन येते आणि नसरपुरात उडेरोलालाचा, म्हणजेच झुलेलालाचा, जन्म होतो. श्रावणाच्या आगेमागे उल्हासनगरात जो चाळीस दिवसांचा चालिहो पाळला जातो, तो या मुदतीचे स्मरण आहे. कथेत मला विशेष वाटतो तो देवाच्या वाहनाचा निर्देश. झुलेलाल ज्या पल्ला माशावर बसतो, तो समुद्रातून नदीत शिरून प्रवाहाच्या उलट पोहत जाणारा मासा आहे. सिंधी माणसाने आपल्या देवाला गरुड दिला नाही, सिंह दिला नाही. उलट्या पाण्यात पोहणारा मासा दिला. आणि कथेचा शेवट आणखी सूचक आहे: ज्याच्याविरुद्ध हे सर्व घडले तो मिरखशाह अखेरीस नमतो, आणि उडेरोलालाचे जे स्थान सिंधमध्ये आजही उभे आहे, त्यात एकाच आवारात समाधी आणि मंदिर नांदते, हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे माथा टेकतात. शत्रूला शिल्लक न ठेवणारा हा प्रतिकार आहे. शत्रूला मारून नव्हे, फेरात ओढून.

पण कथा ती कथा. भगत कंवररामांचे तसे नाही. त्यांना पाहिलेली माणसे याच कॅम्पात राहून गेली. सिंधमध्ये 'भगत' हा लोककलेचा एक प्रकार आहे: पायघोळ जामा, डोक्यावर पगडी, पायांत घुंगरू, सोबत दोन-चार साथीदार, आणि रात्र सरेपर्यंत गाणे, नाचणे, मध्येच गोष्ट सांगणे. आपल्याकडील कीर्तनकार उभा राहतो आणि गोंधळी नाचतो. हे दोघे एकाच देहात आले तर काय होईल, त्याची कल्पना करावी. सक्कर जिल्ह्यातील जरवार या गावी १३ एप्रिल १८८५ रोजी जन्मलेले कंवरराम हे या कलेतील सर्वांत लाडके नाव. त्यांच्या बैठकीत सूफी कलाम आणि वैष्णव भजन यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकेही अंतर नसे, ऐकायला येणाऱ्यांतही ते नव्हते, आणि रात्रभराच्या मिळकतीतील बहुतेक पैसा सकाळी आंधळ्या-पांगळ्यांच्या पदरात पडलेला असे. १९३९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, सक्करमध्ये मंझिलगाह मशिदीच्या वादावरून वातावरण पेटले असताना, १ नोव्हेंबर रोजी रुक स्टेशनात आगगाडीमध्ये बसलेल्या या माणसाला गोळ्या घालण्यात आल्या.

कंवररामांनी कोणाचा निषेध केला होता? कोणाचाच नाही. त्यांनी सभा घेतल्या नाहीत, पत्रके काढली नाहीत, कोणत्या पक्षाचा झेंडा हाती धरला नाही. एका माणसाच्या दोन पायांवर दोन धर्मांची गाणी एकाच तालात उभी राहू शकतात, एवढेच त्यांच्या शरीराने रात्रीमागून रात्र दाखविले. ज्यांना हे दोन समाज एकत्र राहूच शकत नाहीत हे सिद्ध करायचे होते, त्यांना त्या शरीराची अडचण एखाद्या पुढाऱ्याच्या शंभर भाषणांहून अधिक वाटली असली पाहिजे. भाषणाला प्रतिभाषण करता येते, घुंगरांना काय उत्तर द्यावे? नाट्यशास्त्रातील ऋषींना न उलगडलेले कोडे त्या मारेकऱ्यांना उलगडले होते, असे म्हणताना माझी लेखणी अडखळते, पण म्हटल्यावाचून राहवत नाही.

आमच्या शेजारचे दादा (सिंधी माणूस वडीलधाऱ्याला दादाच म्हणतो, आणि पन्नास वर्षांच्या शेजाराने आम्हालाही ती सवय लागली) लहानपणी कराचीहून आगबोटीने आलेले. कंवरराम त्यांनी पाहिलेले नाहीत. वडिलांनी पाहिले होते. दादांचे वडील मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा म्हणे ट्रंकेत भांडी होती, वह्या होत्या, आणि वह्यांखाली घुंगरांचा एक जोड होता, आणि तपासणीच्या वेळी तो वाजला तेव्हा शिपाई हसला. "हसला, पण घेतला नाही," दादा सांगत. "सोनं असतं तर घेतलं असतं. याची किंमत त्याला कुठे माहीत!" हे ते अनेकदा सांगत, आणि दर वेळी शिपायाचे हसणे थोडे लांबे.

त्यांच्या सिंधमध्ये पुढे काय झाले, तेही इथल्या घरांत बारकाईने पाहिले जाते. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, सेहवानच्या लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात 'धमाल' हा सूफी नाच चालू असताना एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडविला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. हा तोच कलंदर, ज्याच्या सुप्रसिद्ध गाण्यात झुलेलालाचे नाव मिसळून गेले आहे आणि जे आमच्या कॅम्पातल्या लग्नांतही वाजते; ज्याच्या उरुसातील मेंदीच्या विधीत हिंदू घराण्याचा मान परंपरेने चालत आला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे दर्ग्याची घंटा नित्याप्रमाणे वाजली. काही दिवसांतच कराचीच्या नर्तकी शीमा किरमाणी तिथे गेल्या आणि त्याच अंगणात, लोकांच्या गराड्यात, त्यांनी धमाल केली. झिया-उल-हक यांच्या राजवटीत नाचणे हेच संशयास्पद ठरले असतानाही ज्यांनी नृत्य सोडले नव्हते, अशा या बाई. १९७९ साली त्यांनी 'तहरीक-ए-निसवाँ' ही संस्था काढली. त्या दिवशी सेहवानमध्ये त्यांनी जे केले, त्याचे चित्रण दादांच्या नातवाने दादांना मोबाइलवर दाखविले. दादांनी ते पाहिले, पुन्हा लावायला सांगितले, आणि म्हणाले, "पायात घुंगरू आहेत बघ." त्यावर काही भाष्य त्यांनी केले नाही. मीही केले नाही.

तरीही माझा वाचक इथे मला अडवील, आणि त्याने अडवावे. नाच हा निषेध आणि ऐक्य असेल, तर मग सणासुदीला ट्रकवर भिंतीएवढे ध्वनिवर्धक चढवून, दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी नेमके त्याच्या दारासमोर तासभर थबकून जे नाचतात, त्यांचे काय? त्यांच्याही पावलांना लय असते. तेही कोणाकडे अर्ज करीत नाहीत. ऐक्याची भावना त्यांच्यातही उचंबळत असते, कदाचित छेज करणाऱ्यांहून अधिक. विल्यम मॅकनील या अमेरिकन इतिहासकाराला १९४१ साली सैन्यात भरती झाल्यावर टेक्सासच्या उन्हात कवायत करताना असा अनुभव आला, की निरर्थक वाटणारे ते पाऊल मिळविणे तासन् तास चालले की अंगात एक विलक्षण सुख पसरते आणि आपण आपल्याहून मोठे झालो असे वाटते. अर्ध्या शतकानंतर, १९९५ मध्ये, त्याने 'कीपिंग टुगेदर इन टाइम' हा ग्रंथ लिहून कवायत आणि नृत्य यांचे मूळ एकच असल्याचे प्रतिपादन केले. ते मला पटते, आणि म्हणूनच काळजी वाटते. या कॅम्पाच्या मातीने दोन्ही सोसले आहे: आधी पलटणींचे बूट, मग टिपऱ्यांचा फेर. शरीराला जो आनंद होतो तो जर एकच असेल, तर दोहोंत भेद कशावरून करायचा?

याचे उत्तर मला संतांच्या किंवा शास्त्रकारांच्या ग्रंथांत सापडले नाही. ते मुंबईत, परळच्या दामोदर हॉलमध्ये झालेल्या एका सभेपाशी सापडले. १६ जून १९३६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुरळी, जोगतिणी, देवदासी म्हणून जगणाऱ्या स्त्रियांना तिथे सांगितले, की आमच्याबरोबर यायचे असेल तर हे जिणे सोडा. महाराष्ट्रात देवापुढचे नाचणे म्हटले की आपण पंढरीच्या वाटेवरची पावली आणि फुगडी आठवून भारावतो. पण जेजुरीच्या खंडोबाला मूलपणीच वाहिलेल्या मुलीचे नाचणे हेही देवापुढचेच नाचणे होते, आणि अंगावर कोरडे ओढून घेत दारोदार फिरणाऱ्या पोतराजाचेही. त्यांना न नाचण्याची मुभा नव्हती. त्यांच्या लेखी निषेधाचे पहिले रूप घुंगरू उतरवून ठेवणे हेच होते, आणि ते ठेवताना पोट कसे भरायचे याचे उत्तर कोणापाशी तयार नव्हते. ज्याला थांबता येत नाही तो नाचत नाही, त्याला नाचविले जाते. एवढा भेद मला त्या सभेने शिकविला. आणि मग त्याच समाजाची नातवंडे दर १४ एप्रिलला, कंवररामांच्या जन्मदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, उल्हासनगरच्या रस्त्यांवर लेझीम घेऊन मध्यरात्रीपर्यंत नाचतात. आमच्यातील सुशिक्षित नाके मुरडतात: बाबासाहेबांनी वाचायला सांगितले, हे नाचतात काय! मीही एके काळी असे म्हणत असे. ज्यांच्या आजीला हुकमाने नाचावे लागले, त्यांनी हुकमावाचून नाचावे यात किती शतकांचा हिशेब चुकता होतो, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

हुकूम काही नेहमी वरूनच येतो असे नाही. दुसऱ्याच्या दारासमोर थबकलेल्या त्या ट्रकपुढे नाचणाऱ्यांतही पुष्कळदा हुकूम असतो, गर्दीच्या पोटातून आलेला; आणि तिथे नाच पुरा होण्यासाठी कोणीतरी खिडकी लावून आत बसलेले असावे लागते. त्याच्या भीतीवरच त्यांचा ठेका चालतो. छेजमध्ये दुसऱ्याची गरज वेगळ्या रीतीने लागते. मी वर सांगितले, की पहिल्या ठेक्यानंतर टिपरी शेजाऱ्याकडे जाते. शेजारी नसेल, किंवा त्याचे लक्ष नसेल, तर ती रिकाम्या हवेत जाते, आणि तो नसलेला आवाज सगळ्या फेराला ऐकू येतो. चिली देशात हुकूमशाहीच्या काळात ज्यांचे नवरे, मुलगे नाहीसे केले गेले, त्या स्त्रियांनी ८ मार्च १९७८ रोजी सान्तियागोमध्ये 'क्वेका' हा त्यांचा राष्ट्रीय नाच केला. तो जोडीने करायचा नाच आहे. त्या एकट्या नाचल्या, छातीवर त्या नाहीशा माणसाचे छायाचित्र लावून, रुमाल मोकळ्या जागेकडे हलवीत. एक शब्द न बोलता त्यांनी सरकारला विचारले, की इथे जो असायचा तो कुठे आहे. ऐक्य म्हणतात ते मला या रिकाम्या जागेत अधिक दिसते. जो आहे त्याच्याशी पाऊल जुळविणे त्या मानाने सोपे.

दादांचे गुडघे शेवटच्या दोन-तीन वर्षांत पार गेले. त्यांतल्या एका सालच्या चेटीचंडाला त्यांनी खुर्ची दारात मांडून घेतली होती. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात टिपऱ्या. मिरवणूक आमच्या गल्लीशी आली, झुलेलालाच्या नावाने 'आयोलाल'चा पुकारा झाला, आणि पोरांनी नेहमीच्या जागेवर फेर न धरता तो तसाच सरकवीत आणला, इतका की दादांची खुर्ची फेरातले एक ठिकाण झाली. दादा बसूनच. ज्याची पाळी येई तो वळून, थोडा वाकून, त्यांच्या टिपरीवर टिपरी देई आणि पुढे जाई. ढोलवाल्याने लय चढवली नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर दादांचा हात खाली आला. सुनेने पाण्याचा पेला पुढे केला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून टिपऱ्या पुढे धरल्या.

मी छेज कधी नाचलेलो नाही. खुर्चीशेजारी उभा राहिलो, ठेका मोजला, आणि व्हायचे तेच झाले: आपली आपल्यावर, मग उजवीकडे, आणि डावीकडे वळेपर्यंत ठेका निघून गेला होता. डावीकडे ताहिरीचा भात सांडलेल्या सदऱ्यातला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याने टिपरी वर धरून ठेवली होती.